पुढचा पाहुणा येईपर्यंत

टेप आणायला मी तळघरात गेले, इथून हे सगळं सुरू झालं. काम साधंच होतं. आमच्या रेडिओ केंद्रात कंत्राटावर घेतलेल्या मुलींच्या वाट्याला असलीच कामं येतात. जुनं काही हवं असलं की तळघरात जा, पाहुणे आले की त्यांना जिना दाखवा, साहेबांची पत्रं टाइप करा, आणि 'आजकालच्या मुली फार चटपटीत' हे हसून ऐकून घ्या. मी हसत नाही. आई मला फटाकडी म्हणते ते उगाच नाही.

केंद्राच्या वर्धापनदिनाला 'सातची मैफल' पुन्हा एकदा, फक्त एका संध्याकाळपुरती, थेट प्रसारित करायची असं वरून ठरलं होतं. त्यासाठी जुन्या मैफलींमधलं वाजवण्यासारखं काही सापडतं का, ते मला बघायचं होतं.

तुम्ही 'सातची मैफल' ऐकली नसेल. मीही ऐकली नव्हती, माझ्या जन्माआधीच ती बंद पडली. पण ज्यांनी ऐकली आहे ते अशा थाटात बोलतात, जणू त्यानंतर जगात ऐकण्यासारखं काही झालंच नाही. दर आठवड्याला संध्याकाळी एक नंबरच्या स्टुडिओत खुर्च्या मांडायचे, लोक नटूनथटून यायचे. कोपऱ्यात वाद्यवृंद, मधोमध एक मोठा माइक. नकलाकार यायचा, नवराबायकोच्या भांडणाचा एक प्रवेश व्हायचा, निवेदक लोकांना कोडी घालायचा. पण घराघरांत माणसं रेडिओला कान लावून बसायची ती गाण्याच्या पाहुण्यांसाठी. दिवसा टपाल वाटणारा आणि संध्याकाळी बासरी वाजवणारा एक जण होता. नुसत्या शिळेवर अख्खं गाणं म्हणणारा एक निवृत्त फौजी होता. एरवी एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या, पण माइकसमोर एका गळ्यानं गाणाऱ्या दोन जुळ्या बहिणी होत्या.

या पाहुण्यांची एक रीत होती. कार्यक्रम थेट जायचा, मध्ये क्षणभर शांतता पडली तरी ऐकणाऱ्याला वाटायचं रेडिओ बिघडला. म्हणून गाणं संपलं तरी पाहुण्यानं शेवटचा सूर सोडायचा नाही. धरून ठेवायचा. पुढचा पाहुणा माइकपाशी येणार, श्वास घेणार, तोच सूर उचलणार, आणि मगच आधीच्यानं थांबायचं. याला ते सूर सोपवणं म्हणायचे. बासरीवाला शिळेला सोपवायचा, शीळ जुळ्या बहिणींना. अगदी शेवटच्या पाहुण्याचा सूर व्हायोलिनमास्तर घ्यायचे, तो बारीक करत करत मिटवून टाकायचे, आणि मग स्टुडिओतला लाल दिवा विझायचा.

तळघरात दमट पुठ्ठ्याचा आणि जुन्या टेपचा आंबूस वास भरला होता. खूपशा डब्यांत काहीच नव्हतं. त्या काळी टेप पुसून पुन्हा वापरायचे. राहिली होती ती एकाच मैफलीची टेप, शेवटच्या.

मी ती वरच्या खोलीत नेली, इंजिनिअरनं मशीनवर चढवून दिली आणि तो जेवायला गेला. दुपार होती, पण त्या खोलीला खिडकी नाही. मी हेडफोन लावून बसले. टाळ्या, हशा, निवेदकाचा भरून आलेला गळा. मग एका बाईंचं गाणं. त्या कोण हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. नुसतं 'शेवटच्या पाहुण्या' एवढंच. आवाज चांगला होता. फार मोठा नाही, पण स्वच्छ, पुसून ठेवलेल्या काचेसारखा. गाणं संपलं आणि बाईंनी सूर धरला.

आता व्हायोलिन येणार म्हणून मी वाट बघितली. व्हायोलिन आलं नाही. लांबून कुठून तरी बातम्यांचं संगीत ऐकू आलं, म्हणजे प्रसारण संपलं होतं, टेप मात्र चालू राहिली होती. खुर्च्या सरकल्या. लोक बोलत बोलत बाहेर पडले. वाद्यांच्या पेट्यांच्या कड्या लागल्या. चहा प्यायचा का, असं कुणीतरी कुणाला तरी विचारलं. दिव्याचं बटण खाली झालं. ते जड, रबरी काठाचं दार हळूच मिटलं. बाकी सगळं शांत झालं.

आणि सूर चालूच होता.

किती वेळ, मी बघितलं नाही. स्पूल संपत आलं, टेपचं टोक सुटून फडफडायला लागलं, तोवर तो चालू होता. मध्ये कुठे श्वास नव्हता. इंजिनिअर दात कोरत परत आला तेव्हा मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, तुकडा कापून जोडला असेल, आधीच्या लोकांना असले चाळे सुचायचे. मी टेप बोटांवरून सरकवत बघितली. जोड कुठेच नव्हता. पण मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं.

माझी ताई गाते. घरातल्या पुढच्या खोलीत मुलांना गाणं शिकवते. केंद्राच्या आवाज चाचणीला ती पुन्हा पुन्हा बसली आणि परीक्षक म्हणवणाऱ्या म्हाताऱ्यांनी तिला दर वेळी परत पाठवलं. कुणाला तिचा आवाज पातळ वाटला, कुणाला तिचं वय वाढलेलं वाटलं. ती गप्प घरी यायची आणि भांडी घासायला बसायची. मी असते तर तिथेच खुर्ची फेकली असती. आता वर्धापनदिनाच्या मैफलीत एक नवा आवाज हवा होता, आणि कल्पना माझ्या हातात होती. जुन्या मैफलीतला शेवटचा सूर टेपवरून स्टुडिओत सोडायचा, आणि ताईनं तो उचलून नवी मैफल सुरू करायची. इतकी वर्षं कुणीही न घेतलेला सूर. साहेबांनी टेबलावर थाप मारली. त्यांना वाटलं कल्पना त्यांचीच आहे. वाटू दे म्हटलं.

व्हायोलिनमास्तर अजून आहेत. त्यांना आमंत्रण द्यायला मी त्यांच्या घरी गेले. सुनेनं दार उघडलं आणि 'आता तासभर सुटका नाही तुमची' असं हळूच सांगितलं. मास्तरांनी खरोखरच स्वतःच्या हातांबद्दल, तेव्हाच्या श्रोत्यांबद्दल आणि आताच्या बेसूर जगाबद्दल भरपूर ऐकवलं. मग मी टेपचं सांगितलं. खुर्चीच्या हातावर ताल धरलेली त्यांची बोटं जागच्या जागी थांबली.

"तो सूर घेऊ देऊ नका कुणाला."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

मोठ्या माणसांचं हेच मला कधी सहन झालेलं नाही. कारण विचारलं की ते वय पुढे करतात. मी पुन्हा विचारलं, जरा नीट विचारलं, अगदी हात जोडायचंच बाकी ठेवलं. मास्तर म्हणाले की त्यांना बरं वाटत नाही, ते काही येणार नाहीत, आणि सुनेला हाक मारून मला निरोप द्यायला सांगितलं. बरोबर येऊन बसायचं नाही, कारण सांगायचं नाही, फक्त नको म्हणायचं. मी जिना उतरताना दात खात होते.

घरी आईनंही तीच री ओढली. एवढा जाणता माणूस नको म्हणतो तर नको ना, म्हणाली. मी तिला विचारलं, जाणत्या माणसांनी आजवर ताईचं काय भलं केलं ते एक सांग. ताई मात्र हसत होती. तिनं टेपची नक्कल ऐकायला मागितली. कानाला लावून ती कितीतरी वेळ बसून राहिली, डोळे मिटून. मग कान मोकळे करून म्हणाली, "बिचारी दमली असेल गं. कुणीतरी घ्यायला हवा ना तिच्याकडून."

एक नंबरचा स्टुडिओ गेली कित्येक वर्षं पडून होता. झाडलोट झाली तरी भिंतींवरच्या जाड कापडातली धूळ काही गेली नाही. आत शिरलं की कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं. त्या कापडात आवाज परत फिरत नाही, बोललेला शब्द ओठांपाशीच मरतो. संध्याकाळी लोक आले, खुर्च्या भरल्या. म्हातारी जोडपी एकमेकांना 'हाच तो कोपरा' म्हणून दाखवत होती. ताई माइकपाशी उभी राहिली. तिनं आईची राखाडी साडी नेसली होती आणि ती इतकी छान दिसत होती की मला उगाच रडू यायला लागलं. मी काचेपलीकडे, इंजिनिअरच्या शेजारी, हेडफोन लावून बसले होते. टेप सोडायची खूण मीच करणार होते.

लाल दिवा लागला. निवेदकानं चार वाक्यं बोलून हात खाली घेतला. मी मान हलवली.

स्टुडिओत सूर पसरला. खुर्च्यांमधली कुजबुज थांबली. ताईनं डोळे मिटले. तिचे खांदे वर गेलेले मला काचेतून दिसले, तिनं श्वास घेतला आणि सूर उचलला. इतका बेमालूम की क्षणभर दोन आवाज आहेत हे कळेना.

मग एकच राहिला.

मी इंजिनिअरकडे बघितलं. त्यानं टेप बंद केली नव्हती, स्पूल फिरत होतं. पण टेपवरची बाई थांबली होती. जिथे मी स्वतः ऐकलं होतं की सूर अखेरपर्यंत जातो, तिथे ती थांबली होती. हेडफोनमध्ये एक लांब, कोरडा उसासा आला. फार जड काहीतरी खाली ठेवल्यावर माणूस टाकतो तसा. त्यानंतर पावलं, अनवाणी. आणि ते जड दार उघडल्याचा आवाज.

आमच्या समोर, काचेपलीकडे, स्टुडिओचं दार उघडलं. मागच्या रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं, कोण उशिरा आलं म्हणून. आत कुणी आलं नाही. दार हळूहळू आपोआप मिटलं.

ताईनं आता गाणं सुरू करायचं होतं. कीबोर्डवाल्यानं सुरुवातीची ओळ वाजवली, मग पुन्हा वाजवली, मग तिच्याकडे बघत पुन्हा. ताईनं सूर धरून ठेवला होता. लोकांना वाटलं हा दमसासाचा खेळ आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सूर थांबेना तसे आणखी वाजवल्या. हळूहळू टाळ्या विरळ झाल्या, एकेक हात मांडीवर गेला, आणि त्या भरल्या खोलीत कुणीही कुणाकडे बघेना.

ताईनं डोळे उघडले आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. चुलीवरचं तापलेलं पातेलं उघड्या हातांनी उचललंय आणि ते ठेवायला कुठे जागाच सापडत नाही, अशा माणसाची नजर असते ना, तशी.

इंजिनिअरनं फेडर खाली ओढून तिच्या माइकचा आवाज तोडला आणि नकलाकाराचं रेकॉर्डिंग लावलं. मी आत धावले. तिला दंडाला धरून हलवलं, बस ताई, झालं, म्हटलं. तिनं ओठ मिटले. मला वाटलं थांबली. मग मी तिला मिठीत घेतलं आणि तिच्या मानेला माझा कान लागला.

सूर आत चालू होता.

घरी आणलं तेव्हा आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ताईला बोलता येत नव्हतं. बोलायला सूर सोडावा लागतो आणि तो तिला सोडता येत नव्हता. तिनं माझा फोन घेतला आणि त्यावर टाइप केलं, 'खाली ठेवता येत नाहीये.' डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, नळी बदलून ऐकलं, आणि मनावर ताण आला की असं होतं म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. ताई झोपली. सूर झोपला नाही. आई उशाशी बसून तिच्या कपाळावर हात फिरवायची आणि मध्येच वाकून गळ्याला कान लावायची, ताप उतरला का बघावं तशी.

सगळ्यात वाईट होतं ते गिळणं. घोट गिळताना माणसाचा आवाज क्षणभर थांबतो, हे तुम्ही कधी लक्षात घेतलं नसेल. तिचा थांबत नव्हता. चमच्यानं पाणी घातलं तर ते गालावरून ओघळायचं, नाहीतर ठसका लागून ती निळी पडायची. नर्स येऊन सलाईन लावून जायची. पण तेवढ्यावर माणूस किती तग धरणार? गालांची हाडं वर आली, बोटांतल्या अंगठ्या सैल झाल्या. ओळखीच्या बायका येऊन बघून गेल्या. एकीनं तर जाता जाता म्हटलं, रेडिओवर गायली म्हणून आता आपल्याशी बोलत नाही वाटतं. मी तिला चपला घालू दिल्या नाहीत, त्या हातात दिल्या.

मी मास्तरांकडे गेले. या वेळी मी बसले नाही, सुनेलाही बाहेर जाऊ दिलं नाही. सांगा म्हटलं. आत्ता, सगळं.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. शेवटच्या मैफलीच्या दिवशी वाद्यवृंद बंद करण्याचा हुकूम आला होता. मास्तरांचा अपमान झाला होता. बाईंनी सूर धरून त्यांच्याकडे मान वळवली, तेवढ्यात बातम्यांसाठी प्रसारण तोडलं गेलं, आणि मास्तरांनी व्हायोलिन उचललंच नाही. ड्यूटी संपली, असं म्हणून ते उठले. बाकीचेही उठले. बाई उभ्याच होत्या. सगळ्यांना वाटलं, थांबतील आपल्या आपण.

"मग?"

"मग त्या घरी गेल्या... कुणाशी बोलल्या नाहीत पुन्हा. लोक म्हणायचे, फार शिष्ट बाई."

"किती जगल्या?"

सूनबाईंनी जमिनीकडे बघितलं. घरात सगळ्यांना माहीत होतं तर.

मी त्यांना व्हायोलिन घ्यायला लावलं. गाडीत बसवून घरी आणलं. ताईच्या खाटेशी खुर्ची ठेवली. त्यांनी वाद्य हनुवटीखाली धरलं, तिच्या गळ्याशी कान नेला, दूर घेतला, पुन्हा नेला.

"मला ऐकू येत नाहीये," ते म्हणाले.

आई आणि मी, आम्हाला दारातूनही ऐकू येत होता. मी फोनवर स्वर ओळखणारं अ‍ॅप उघडून ताईच्या गळ्याशी धरलं, काटा स्थिर झाला, त्यांना तो स्वर दाखवला. तो त्यांनी वाजवला. चांगला वाजवला, मी खोटं बोलणार नाही. खोलीत दोन सूर एकावर एक बसले. ताईनं त्यांच्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. पण ती थांबली नाही. त्यांनी सूर बारीक करत नेला, अगदी केसाएवढा केला, मिटवला. व्हायोलिन गप्प झालं. ताईचा गळा चालूच होता.

"ती मला देणार नाही," मास्तर म्हणाले. कोण ती, हे मी विचारलं नाही. त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि ते भिंत धरत धरत निघून गेले. दुसऱ्यांदा.

मग आम्ही दोघींनी करून बघितलं. आई आयुष्यात कधी चार लोकांत गायली नव्हती. ती ताईचा हात हातात घेऊन, डोळे गच्च मिटून तो सूर लावायची आणि तिचा आवाज फाटायचा. मग मी. मला सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही. दे गं, म्हणायचे, दे माझ्याकडे, मला जमेल. ताई मान हलवायची. ती आम्हाला द्यायला तयार नव्हती की आम्हाला घेता येत नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी शेवटी तिनं फोनवर टाइप करणंही सोडलं.

परवा मी केंद्रातून परतले. कडी आईनं काढली. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं संपलं सगळं. आतून आवाज आला.

"आलीस का फटाकडे?"

ताई उशीला टेकून बसली होती. आवाज घोगरा, चिरका, पण तिचा. मी तिच्या अंगावर जवळजवळ पडलेच. गळ्याला कान लावला. नुसते ठोके. माझ्या कानाला इतकं शांत काही कधी लागलं नव्हतं. आई रडत होती, हसत होती, काय खायला करू विचारत होती. तिनं काचेचा पेला पाण्यानं काठोकाठ भरून ताईच्या हातात दिला.

ताईनं तो घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि तसाच खाली ठेवला.

"पी ना," मी म्हटलं. "तुला तहान लागली असेल."

"लागलीय. खूप लागलीय गं."

मग तिनं सांगितलं. दुपारी आई खुर्चीत पेंगत होती. ताई डोळे मिटून पडली होती. खाटेशी कुणीतरी येऊन उभं राहिलं, तिला वाटलं आईच उठली असेल. कपाळावर हात आला. कोरडा होता, कागदासारखा. आणि अगदी कानाशी एक बाईचा आवाज म्हणाला, "पाणी पिऊन घे. तोवर मी धरते." मग तिला श्वास ऐकू आला, पुढचा पाहुणा घेतो तसा. तिनं सूर दिला. कुणाला ते बघितलंही नाही. इतकी दमले होते, म्हणाली.

"पाणी प्यायलं की..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

आई उठली. तिनं पेल्यावर बशी झाकून ठेवली, जणू त्यातून काही बाहेर येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात जाऊन ती टेप लावली. सूर परत आला होता, शेवटपर्यंत. पण आधीसारखा नाही. तो हलत होता. मध्ये मध्ये उतरायचा आणि ओढून वर आणल्यासारखा परत चढायचा. ओझं एका हातातून दुसऱ्या हातात घेत कुणीतरी दाराकडे बघत उभं असावं, तसा. मी हेडफोन काढले. इंजिनिअर काय झालं विचारत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगून काय करणार होता?

मी ताईला म्हटलं, पाणी नको, सलाईन लावू. ती म्हणाली, सलाईनवर तहान भागवून त्या बाईंना फसवू? त्यांनी विचारलं तर काय सांगू, प्यायले नाही म्हणून? त्या बाई इतकी वर्षं उभ्या होत्या. मग आमचं भांडण झालं. मी ओरडले की त्या मेल्यात, त्यांना दमायचं काय कारण, आणि ताई माझ्याकडे असं बघत राहिली की मला पुढे बोलवेना. सकाळी आई म्हणत होती पी बाळा, होईल ते होईल, असं तडफडताना बघवत नाही, आणि मी तिचा हात धरून ठेवला. दुपारी मीच पेला उचलला आणि आईनं माझा हात धरला. ताई दोघींकडे बघत पडून आहे. ती बोलते, हे तरी आहे. लहानपणचं काहीबाही आठवून सांगते. ओठ चिकटतात म्हणून हळूहळू सांगते. तिची जीभ पांढरी पडली आहे आणि बोलताना टाळूला लागून चट् असा आवाज येतो. नर्सला आम्ही दारातून परत पाठवलं. ताईनंच पाठवायला लावलं.

मी हे लिहितेय ती तिच्या खाटेशी बसून. आई कोपऱ्यात आहे. पेला मधल्या टेबलावर आहे, बशी झाकलेली. त्यातलं पाणी पिऊन होईपर्यंतच त्या बाई सूर धरणार आहेत. त्याला मी हात लावलेला नाही. आई देवाशपथ सांगते की तिनंही नाही. आणि ताईला तर आम्ही क्षणभरही एकटं सोडलेलं नाही.

परवा तो काठोकाठ भरला होता. काल बोटभर उतरला होता. आता अर्ध्याच्याही खाली आलाय.